हळू जायचं इंजिन

माझगावात राहणाऱ्या माणसाला होड्यांतलं कळतं, असा आमच्या मुंबईबाहेरच्या नातेवाइकांचा ठाम समज आहे. मी डॉकयार्ड रोड स्टेशनपासून पाच मिनिटांवर राहतो. मत्स्यग्रामाचं माझगाव झालं असं सांगतात, तेव्हा माझ्या पत्त्यातच मासा आहे हे खरं. पण पाण्याशी माझा संबंध पहाटे नळाला येणाऱ्या पाण्यापुरता. खिडकीतून मान जरा वाकडी केली की माझगाव डॉकच्या क्रेन दिसतात, आणि त्या क्रेनच्या जोरावर गेली तीस वर्षं मी सासुरवाडीत दर्यावर्दी म्हणून मिरवलो. ह्या पापाचं फळ गेल्या वर्षी एप्रिलमध्ये पदरात पडलं.

माझे साडू बँकेतून निवृत्त होऊन अलिबागजवळ थळला जाऊन राहिलेत. त्यांचा फोन आला.

"होडी घेतलीय. फायबरची, अठरा फुटी. मागं लावायचं इंजिन तेवढं तुम्ही बघा. ट्रोलिंग करायचंय."

"कुणाला?" मी विचारलं.

त्यांनी मग समजावून सांगितलं. ट्रॉलिंग वेगळं आणि ट्रोलिंग वेगळं. ट्रॉलर म्हणजे भाऊच्या धक्क्याला लागतात त्या मोठ्या बोटी, जाळं ओढत नेणाऱ्या. ट्रोलिंग त्यामानाने सोवळ्यातलं काम. होडी संथ चालू ठेवायची, मागे लांबवर दोरी सोडायची, टोकाला खोटा मासा, आणि सुरमईने त्याला खरा समजायची वाट बघायची. इंटरनेटवरचा ट्रोलही ह्याच गळावरून आला म्हणतात. आमिष सोडायचं आणि कोण चवताळून तोंड उघडतं ते बघायचं. साडूंची त्या शाखेतली गती मला ठाऊक होती. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ते रोज सकाळी सात वाजता एक दोरी सोडतात आणि आमचा मामेभाऊ साडेसातच्या आत गळाला लागलेला असतो.

खोट्या माशामागे सुरमई यायची तर होडीचा वेग पाच-सहा नॉट लागतो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, म्हणजे हिशेब दहा किलोमीटरच्या आसपास येतो. संध्याकाळी सहाला पी. डिमेलो रोडवर टॅक्सीला नशिबाने मिळतो तो वेग. थोडक्यात, आम्हाला हवं होतं हळू जाणारं इंजिन.

हे वाक्य एकदा दुकानात उच्चारून बघा. मी उच्चारलं. काउंटरवरचा तरुण आधी हसला, मग गंभीर झाला, मग "सर, हळू तर कुठलंही जाईल" म्हणून त्याने मला चाळीस हॉर्सपॉवरचं इंजिन दाखवायला सुरुवात केली. मुंबईत हळू जायला काही विकत घ्यावं लागतं, ही कल्पनाच त्याला पटत नव्हती. हळू जाणं इथे फुकट मिळतं.

त्याचंही चुकत नव्हतं म्हणा. मागे बाहेरून लावायचं हे आऊटबोर्ड इंजिन लोकप्रिय झालं तेच मुळी घाईतून. अमेरिकेत मिलवॉकीजवळच्या एका तळ्याकाठी १९०६ च्या उन्हाळ्यात ओल एव्हिनरूड नावाचा नॉर्वेत जन्मलेला कारागीर मित्रमंडळींबरोबर सहलीला गेला होता. ज्या मुलीशी पुढे त्याचं लग्न झालं तिला, बेसला, आईस्क्रीम खावंसं वाटलं. हा वल्ही मारत पलीकडे गेला, आईस्क्रीम घेतलं, वल्ही मारत परत आला. तोवर त्याचं सरबत झालं होतं. १९०९ साली त्याने होडीच्या मागच्या फळीला अडकवायचं इंजिन विकायला काढलं आणि त्याची जाहिरात बेसनेच लिहिली: वल्ही टाकून द्या! ही गोष्ट कितपत खरी आणि कितपत बेसच्या जाहिरातकौशल्याची, हा प्रश्न माझ्या मनात येतो; पण धंद्याचा हिशेब ती बघायची, तेव्हा आईस्क्रीमचाही तिनेच ठेवला असेल. त्यांच्या नावाची इंजिनं २०२० साली बनायची बंद झाली. एकशे अकरा वर्षं माणसं त्या आईस्क्रीमच्या घाईने समुद्रात धावली, आणि आम्ही दोन साडू त्याच यंत्राला म्हणत होतो, बाबा रे, जरा दमाने.

सल्ला घ्यावा म्हणून मी भंडारवाड्याच्या टेकडीवर, काका बॅप्टिस्टांच्या नावाच्या बागेत गेलो. तिथे संध्याकाळी माझा चुलतभाऊ बसतो. आम्ही त्याला दादा म्हणतो. माझगाव डॉकमध्ये फिटर म्हणून त्याची हयात गेली. बागेतून खाली बंदर दिसतं, आणि दादा तिथे बसून निवृत्तीनंतरही गोदीवर देखरेख ठेवतो.

"किती हॉर्सपॉवर म्हणतोस?"

"दहाच्या आसपास."

दादाने माझ्याकडे मी त्याच्याकडे उसने दहा रुपये मागितल्यासारखं पाहिलं. ज्या गावात १७७४ पासून गोदी आहे, जिथे १९७२ ची 'निलगिरी' युद्धनौका बांधली, जिथून पाणबुड्या निघतात, तिथला माणूस दहा घोड्यांची चौकशी करतो! " 'दिल्ली'ला चार गॅस टर्बाइन," तो म्हणाला. "एकशे त्रेसष्ट मीटर लांब. सत्याण्णव साली नेव्हीत गेली. हे हात लागलेत तिला." मी नम्रपणे सांगितलं की आमची अठरा फूट आहे आणि तिला साडूंचेच हात लागणार आहेत.

पण दादा फिटर होता, आणि फिटरला अडचण सांगितली की त्याचा अहंकार विरघळतो. हळू जायचंय म्हटल्यावर तो विचारात पडला. मग म्हणाला, " 'शिवालिक'लापण हाच प्रॉब्लेम होता." २०१० साली नौदलात गेलेल्या त्या फ्रिगेटला म्हणे दोन प्रकारची इंजिनं आहेत. पळायचं असेल तेव्हा गॅस टर्बाइन, आणि रमतगमत जायचं असेल तेव्हा डिझेल. दोन्ही एकदम नाही. हे किंवा ते. टर्बाइन हळू चालवली तर तेल पिते बकाबका, म्हणून संथ चालीचं बिऱ्हाड वेगळं. "तेव्हा तुम्ही पण दोन घ्या. एक चाळीसचं, घरी यायला. एक सहाचं, मासे धरायला."

हे खुळचट वाटलं तरी खुळचट नव्हतं. परदेशात ट्रोलिंगवाले असंच करतात. मोठ्या इंजिनाच्या शेजारी छोटं लावतात. फक्त आमच्या साडूंची पेन्शन संरक्षण खात्यातून येत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे भाऊच्या धक्क्यावर गेलो. मूळ धक्का बांधणारे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ, त्यांच्या नावाने हा धक्का ओळखला जातो. पहाटे तिथे बर्फ, पाट्या, लिलावाची आरडाओरड आणि पायाखाली जे काही असतं ते, ह्यातून वाट काढत मी एका ओळखीच्या तांडेलापर्यंत पोचलो. त्याच्या बोटीत सहा सिलिंडरचं डिझेल मशीन, ट्रकच्या घराण्यातलं. ते सुरू झालं की बोटीचंच काय, शेजारच्या बोटीवरच्या चहाचंही कालवण होतं. मी त्याला मोबाइलवर आऊटबोर्डाचा फोटो दाखवला.

"ह्यो काय, मिक्सर?"

मी सांगितलं, हे मागं बाहेरून लावतात, वर उचलता येतं, घरी नेता येतं.

"घरी नेऊन काय, चटणी वाटनार?"

एवढं झाल्यावर मात्र त्याने तीन प्रश्न विचारले, आणि त्या सबंध महिन्यात मला मिळालेलं खरं ज्ञान तेवढंच होतं. पंख्यात पिशवी गेली तर काढणार कोण? (प्रोपेलरला धक्क्यावर कुणी प्रोपेलर म्हणत नाही, पंखा.) मशीन बंद पडलं तर वल्हं आहे का? आणि वारा उठला तर किती वेळात घरी याल? "मासा हलू पकड रे. पन पलायचं तवा पलाला पायजे," तो म्हणाला. मग जाता जाता त्याने आमच्या सगळ्या हिशेबालाच भोक पाडलं. "आनि त्यो पलास्टिकचा मासा कशाला? बांगडा लाव. बांगडा लावून आजून हलू जा. मानूस जेवून फिरतो ना, तसा."

शतपावली! म्हणजे फार तर दोन नॉट. आमच्या पाच-सहा नॉटांच्या निम्म्याहूनही कमी.

तिथून दारूखाना. नाव ऐकून बायको अजूनही भुवई वर करते, म्हणून सांगतो, ही दारू तोफेची. आता तिथे जुनी जहाजं तुटतात आणि त्यांच्या पोटातलं सगळं रस्त्यावर येतं. साखळदंड, नांगर, कमोड, कप्तानाच्या खुर्च्या. एका गाळ्यात एक चाचा तीन आऊटबोर्ड इंजिनं खुंटीला कोट टांगावेत तशी टांगून बसले होते. "जहाज का माल है," ते म्हणाले, "एक बार भी पानी नहीं देखा." जहाजावर राहून पाणी न पाहिलेलं इंजिन ही गोष्ट मला फारच हृदयस्पर्शी वाटली. घेतलं नाही, पण शिकलो खूप. चाचांनी पहिला प्रश्न टाकला, "शाफ्ट शॉर्ट के लाँग?"

शाफ्ट म्हणजे इंजिनाचा पाय. शॉर्ट पंधरा इंचाचा, लाँग वीस इंचाचा. होडीची मागची फळी जेवढी उंच तेवढा पाय हवा. पाय तोकडा पडला तर पंखा पाण्याऐवजी हवा चावतो आणि इंजिन किंचाळतं. जास्त लांब झाला तर पाणी अडवतो, आणि आमच्या बंदरात ओहोटीला चिखल नांगरत येतो. भरती-ओहोटीत इथे उधाणाला चार-पाच मीटरचा फरक पडतो. सकाळी जिथून होडी काढली तिथे दुपारी म्हशी बसलेल्या असू शकतात. मी साडूंना फोन लावून फळी मोजायला सांगितली. पहिल्या फोनला सतरा इंच. दुसऱ्याला बावीस. तिसरा फोन मेव्हणीने घेतला. "भावोजी, ते माझ्या शिवणाची टेप घेऊन गेलेत आणि ती टेप मागच्या दिवाळीपासून लांबलीय. मी स्टीलच्या पट्टीने मोजलं. वीस." लाँग शाफ्ट ठरला. ह्या सगळ्या प्रकरणातला हा एकमेव निर्णय, ज्यावर पुन्हा चर्चा झाली नाही.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक ह्याची मात्र महिनाभर झाली. टू-स्ट्रोकवाले आणि फोर-स्ट्रोकवाले हे शैव-वैष्णवांसारखे दोन पंथ आहेत. टू-स्ट्रोक हलकं, साधं, चाळीस किलोच्या आतबाहेर. कुठल्याही बंदरावर कुणीही पाना घेऊन उघडू शकतो. फोर-स्ट्रोक जड, पन्नाशीच्या घरातलं, पण आवाज कमी, धूर नाही, पेट्रोल कमी. ह्या वादात मी पहिल्यांदाच छाती पुढे काढून बोललो, कारण मी एकोणीस वर्षं बजाज चेतक चालवली आहे. टू-स्ट्रोक म्हणजे काय ते मला पुस्तकातून शिकावं लागत नाही. पंपावर पेट्रोलमध्ये ऑइल मोजून टाकायचं, सकाळी स्कूटर एका अंगावर कलती करून तिचा रुसवा काढायचा, आणि खिशात पॉलिश पेपरचा तुकडा बाळगायचा. ती पळत असताना राणी असते. पण तिला माझगावच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास हळू चालवा. प्लग काळा होतो, ती दोनदा खोकते आणि भायखळ्याच्या पुलावर आपण तिला ढकलत असतो. संथ चालीत पेट्रोल-ऑइल नीट जळत नाही, त्याची काजळी प्लगवर बसते. ट्रोलिंग म्हणजे तर चार-चार तास तेच. थळसमोरच्या खांदेरीच्या पाण्यात मी साडूंबरोबर होडी ढकलणार नाही, असं मी लेखी कळवलं. फोर-स्ट्रोक ठरलं.

भाच्याने मध्येच बॅटरीवरच्या ट्रोलिंग मोटरचं पिल्लू सोडलं होतं. बिनआवाजाची, हवी तेवढी हळू, नावातच ट्रोलिंग. पण ती तळ्यातली पोर. खाऱ्या पाण्याला टिकणारी निराळी घ्यावी लागते, जड बॅटऱ्या वाहाव्या लागतात, आणि उधाणाच्या ओहोटीत ती पूर्ण ताकदीने पुढे जात असताना होडी मागे जात असते. हा अनुभव मी नोकरीत बत्तीस वर्षं घेतला आहे.

राहिली हॉर्सपॉवर. बाजारात सगळ्यात लाडका आकडा ९.९. दहा का नाही? मला वाटलं ही बाटाच्या चपलांच्या किमतीची भावंडं. तसं नव्हतं. अमेरिकेतल्या कित्येक तळ्यांवर दहाच्या वर इंजिन चालवायला बंदी, म्हणून कायद्याच्या कुंपणाला पाठ घासून बसलेला हा आकडा. आपल्या समुद्राला असं कुंपण नाही. शिवाय बऱ्याच कंपन्यांचं ९.९ आणि १५ हे एकाच साच्यातलं, वजनही जवळजवळ तेच. मग तांडेलाचं "पलायचं तवा" आठवून आम्ही पंधरा घेतलं. दादाला फोन केला. "पंधरा?" तो म्हणाला. "ठीक आहे. सुरुवात आहे."

इंजिन मिळालं तीस मेला. एक जूनपासून ३१ जुलैपर्यंत राज्यात पावसाळी मासेमारी बंदी. त्यातून थळच्या घराची कौलं उतरवलेली. तेव्हा ते दोन महिने माझ्याकडे राहायला आलं. फोर-स्ट्रोक इंजिन वाटेल तसं आडवं टाकता येत नाही, पोटातलं ऑइल सिलिंडरमध्ये जातं. त्यामुळे लाकडी घोडीवर, ताठ, गॅलरीत, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत ते उभं राहिलं. पहिल्या आठवड्यात सगळे त्याला वळसा घालून जात. दुसऱ्या आठवड्यात बायकोने त्याच्यावर टॉवेल वाळत घातला. जुलैत तर पोस्टमन माझं घर सांगताना "इंजिनाच्या पुढचा दरवाजा" म्हणू लागला.

अधूनमधून ते चालवून बघायला हवं असं पुस्तकात होतं, पण कोरडं मुळीच चालवायचं नाही. थंड ठेवणाऱ्या पंपातलं रबर क्षणात जळतं. म्हणून एका रविवारी चौकात इमारतीचा पाण्याचा मोठा पिंप मधोमध आणला, त्याच्या काठाला फळी बांधली आणि इंजिन आत सोडलं. चाळीस-पन्नास माणसं गॅलऱ्यांत जमली. पोरांना धूर हवा होता, म्हाताऱ्यांना आवाज. मी दोरी ओढली. इंजिन आज्ञाधारकपणे गुरगुरलं आणि पाठीमागच्या छोट्या भोकातून पाण्याची बारीक धार उडाली.

"अहो, ते मुततंय!" पहिल्या मजल्यावरून आवाज आला.

मी अभिमानाने सांगितलं की ते मुतलंच पाहिजे. ती धार थांबली की समजायचं, थंडावा संपला, इंजिन मेलं. समोरच्या खोलीतले नाना, ज्यांचं नुकतंच प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं होतं, गंभीरपणे मान डोलावत म्हणाले, "आमच्या डॉक्टरनेही अगदी हेच सांगितलं."

नारळी पौर्णिमा उलटल्यावर इंजिन गोधडीत गुंडाळून टेम्पोत घातलं आणि भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याच्या रो-रोवर चढवलं. समुद्रासाठी बनलेल्या त्या यंत्राने आपला पहिला समुद्रप्रवास दुसऱ्याच्या इंजिनावर, तासाभरात, एका टेम्पोत बसून केला. वरच्या डेकवर मी वडा खाल्ला.

थळच्या किनाऱ्यावरून समोर खांदेरी-उंदेरी दिसतात. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तट बांधायला घेतला तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी मोठी जहाजं आणून बेट कोंडायचा प्रयत्न केला, आणि मराठ्यांच्या छोट्या होड्या रात्री उथळ पाण्यातून, त्यांच्या नाकाखालून, रसद पोचवत राहिल्या. वल्ही आणि शीड, एवढीच हॉर्सपॉवर. इंग्रजांची तक्रार हीच, की ह्या होड्या हाती लागत नाहीत. त्या पाण्यात आम्ही पंधरा घोडे घेऊन उतरलो आणि दहाव्या मिनिटाला दुधाच्या पिशवीने आम्हाला थांबवलं. तांडेलाचा पहिला प्रश्न. इंजिन वर उचलून, पोटावर आडवं पडून, पंख्यातून पिशवी काढायचं काम निवृत्त शाखा व्यवस्थापकांनी केलं. पिशवीवरची तारीख जूनमधली होती.

मग बांगडा लावला, दोरी सोडली, इंजिन अगदी मंद केलं. तरी होडी तीन नॉट. त्याखाली जाईना. पंधरा घोडे, शतपावलीला नकार. मी दादाला फोन लावला. आश्चर्य म्हणजे किनाऱ्यापासून एवढ्या लांब रेंज होती.

"इंजिन कमी होत नाही ना? मग ओढ वाढव," तो म्हणाला. "बादली आहे का?"

होडीतलं पाणी उपसायला साडूंनी घरातून एक निळी बादली आणली होती. तिला दोरी बांधून मागे सोडली. भरली, ताणली, आणि होडी दोन नॉटांवर आली. लाखाच्या वरचं इंजिन पुढे ढकलतंय, दीडशेची बादली मागे ओढतेय, आणि दोघांच्या मधल्या त्या समजुतीत आम्ही खांदेरीच्या बाजूने अगदी जेवल्यासारखे निघालो. परदेशातही लोक हेच करतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा मात्र मला ते फक्त आमच्या घराण्याला सुचलेलं वाटलं.

पाऊण तासाने दांडा वाकला. रिळातून दोरी अशी सुटली की साडूंचा चष्मा कपाळावर गेला. सुरमई! ती डावीकडे गेली, उजवीकडे गेली, आणि मग, तिलाही काही व्यवस्थापनाचा अनुभव असावा, सरळ बादलीकडे गेली. गळाच्या दोरीने बादलीच्या दोरीला दोन विळखे घातले. मी इंजिन बंद केलं. लाटांवर होडी डुलत होती, मागे एका गाठीत एक सुरमई आणि एक बादली, आणि कुठलीतरी एक दोरी कापायला हवी होती.

"बादली काप!" साडू ओरडले.

सुरमई हातभर निघाली, साडेतीन किलोच्या आसपास. किनाऱ्याला आलो तेव्हा मेव्हणी वाळूत उभी होती. साडूंनी मासा दोन्ही हातांवर आडवा धरून तिच्यापुढे केला, नवजात बाळ दाखवतात तसा. तिने माशाकडे पाहिलं, मग होडीत पाहिलं, मग पुन्हा होडीत पाहिलं.

"न्हाणीघरातली बादली कुठंय?"